आग्रहाचे ओझे

हिब्रूत यकृताला 'कावेद' म्हणतात, आणि जड वस्तूलाही 'कावेद'च म्हणतात. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते आणि पोटातील अवयवांत तेच सर्वांत वजनदार असते. तेव्हा नाव अगदी सार्थ आहे. याच धातूपासून 'कावोद' म्हणजे मान हा शब्द निघाला. आईबापांना मान द्यावा ही जी दहा आज्ञांतील आज्ञा आहे, तिच्यातही हाच धातू आहे. मान आणि यकृत यांचे हे नाते आम्हांला पुष्कळ वर्षे नुसती शब्दांची गंमत वाटत असे.

आम्ही रुग्णालयात नोकरीला असताना आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आमच्याच वॉर्डात दाखल झाले. बस चालवीत. दारूला कधी शिवले नाहीत. किद्दुशलासुद्धा त्यांच्या घरी हिंदुस्थानातल्यासारखे काळ्या मनुका भिजवून काढलेले शरबतच असे. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी झालेले, पावलांवर सूज. संसर्गाची काविळ नव्हती, तशा तपासण्या झाल्या. वर्षानुवर्षे यकृतात चरबी साठत गेली, तिने दाह झाला, दाहाने वण पडले आणि अखेर सगळे यकृत कठीण होऊन आकसले. यालाच सिऱ्होसिस म्हणतात.

भेटायला आपलीच माणसे येत. बाहेर जाऊन कुजबुजत, "चोरून घेत असावेत." ते बायकोच्या कानी गेले. एका रात्री ती आम्हांला म्हणाली, "ताई, ते प्याले नाहीत हो, ते फक्त जेवले. आणि जेवू मी घातले. मग दोष माझाच ना?"

"छे, असे मनात आणू नका," म्हणून आम्ही वेळ मारून नेली. नर्सला असे म्हणावेच लागते. पण ते उत्तर नव्हते. शब्बाथच्या रात्री ते गृहस्थ आमच्याही घरी कितीदा जेवले होते, आणि "आता पुरे" म्हणून ताटावर आडवा धरलेला त्यांचा हात बाजूला सारून नारळाच्या दुधातले मटण आणि वर भाताचा आणखी एक डाव वाढणारे आम्हीच होतो. शिकलेली नर्स असूनही!

कुजबुजीचे आधी सांगून टाकतो. यकृत बिघडले म्हणजे माणूस दारूडा, हा समज खोटा आहे आणि क्रूरही आहे. जगात आज दर चार प्रौढांत एकाच्या किंवा त्याहूनही अधिक जणांच्या यकृतात न पिताही चरबी आढळते. मधुमेह, पोटाचा घेर, साखरेची पेये, बैठे काम ही त्याची कारणे. आणि हिंदुस्थानी वंशाच्या लोकांत वजन फारसे नसतानाही ती पोटात साठते. काहींना हेपाटायटिस बी असतो, तो पुष्कळदा जन्मताना आईकडून आलेला. त्याचा विषाणू शोधणारे बरूच ब्लम्बर्ग हे आपलेच, ज्यू. त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि इस्रायलमध्ये १९९२ पासून प्रत्येक तान्ह्या बाळाला त्याची लस देतात. आता त्या बाळाने कोणते पाप केले असते? दारू यकृताला मारते हे खरेच आहे, मेंदीच्या रात्री बाटल्या फुटतात त्या आम्हीही पाहतो. पण रोग्याच्या खाटेशी उभे राहून निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

राहिला त्या बाईचा प्रश्न. खाणाऱ्याचा दोष की वाढणाऱ्याचा?

खाणाऱ्याचा आहेच. आपल्या जिवाची काळजी घ्या असे देवारिमच्या चौथ्या अध्यायात आहे. मूळ संदर्भ मूर्तिपूजेचा असला तरी शरीर राखणे हे कर्तव्य आहे, असा अर्थ पुढे त्यातून घेतला गेला. रम्बाम स्वतः वैद्य. पोट गच्च भरेपर्यंत जेवू नये, पाव भूक शिल्लक असतानाच उठावे, असे त्यांनी धर्माच्या ग्रंथात लिहून ठेवले. म्हणजे ही गोष्ट त्यांना केवळ प्रकृतीची वाटली नाही. त्या गृहस्थांना साखरेचा विकार आहे हे ठाऊक होते. वजन उतरवा असे डॉक्टरांनी बजावले होते. नव्वद किलोच्या माणसाने सहा ते नऊ किलो उतरवले तर यकृतातील चरबी आणि दाह दोन्ही कमी होतात, आणि वण पडण्याआधी हे झाले तर यकृत पुष्कळ अंशी पूर्ववत होते. असा भरून येणारा अवयव दुसरा नाही. पण यकृताच्या आत वेदना कळत नाही, म्हणून ते तक्रार करीत नाही, आणि आपण रोज संध्याकाळी अर्धा तास चालायचे उद्यावर टाकतो.

आणि तरीही वाढणारा सुटत नाही. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये ही तोरातील आज्ञा आपल्या पंडितांनी फार दूरवर नेली. ज्याने द्राक्षारस न पिण्याचे व्रत घेतले आहे, त्या नाझीराच्या हाती प्याला देऊ नये, असे ते सांगतात. पिणार तो, पण देणाऱ्यालाही जाब आहे. मधुमेह्याच्या ताटात तिसरा चिकचा हलवा ठेवून, "आमच्या हातचे आवडत नाही का?" असे विचारणारे आपण त्या देणाऱ्याहून वेगळे कसे?

आग्रह वाईट असे आम्ही म्हणत नाही. कोकणात घरचे तांदूळ मोजके असत. पाहुणा भिडेने "नको" म्हणे आणि तीनदा आग्रह केला तरच त्याला पोटभर जेवता येई. इकडे आलेल्या पहिल्या मंडळींनीही १९४९ ते १९५९ ची रेशनिंगची वर्षे काढली. त्या काळी आग्रह ही दया होती. आता फ्रीज भरलेले आहेत, पाहुण्याचे "नको" खरोखरच "नको" असते, पण आपला हात जुनाच राहिला. गंमत पाहा, किद्दुशच्या पवित्र प्याल्याला शास्त्राने माप घातले आहे: रेव्हिइत, प्रचलित एका हिशेबाने सुमारे ८६ मिलिलिटर, आणि त्यातलेही सगळे प्यावे लागत नाही. मलिद्याच्या ताटातले प्रत्येकाला मूठभर मिळते आणि कोणी रुसत नाही. माप नाही ते फक्त आपल्या पाहुणचाराला.

आग्रह जेवणापुरताही थांबत नाही. कोणाला ताप आला की आपण अकामोलच्या गोळ्या पुढे करतो. पण सर्दीच्या पुष्कळ औषधांत तेच पॅरासिटामोल असते आणि दिवसाला चार ग्रॅमच्या वर ते यकृताला घातक ठरते. मुंबईहून येणारे काढे आणि चूर्णेही तशीच. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले आहे. 'निसर्गाचे आहे, घ्या हो!' हे वाक्य आम्ही तरी आता उच्चारत नाही. बिनसाखरेची काळी कॉफी मात्र खुशाल द्यावी. यकृताला ती मानवते असेच बहुतेक अभ्यासांत दिसते.

ते गृहस्थ वाचले नाहीत. वर्षाच्या अझकाराला त्या बाईने सगळे पदार्थ मधल्या टेबलावर मांडले आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसली. ज्याने त्याने वाढून घेतले. "पूर्वी या घरात असे नव्हते," एक मावशी मोठ्याने म्हणाल्या. बाई काही बोलली नाही. आमच्या शेजारी तिचा मुलगा जेवत होता, बापासारखाच अंगाने भरलेला. त्याचे ताट रिकामे झाले तेव्हा आमचा हात सवयीने डावाकडे गेला. मग तो आम्ही मागे घेतला आणि त्याला विचारले, "पाणी हवे का रे?"