भीती कागदावर येते तेव्हा

मार्च १९५० मध्ये मध्य प्रदेशातल्या कटनीत दंगल उसळली. एका बाजूला फाळणीनंतर येऊन राहिलेले सिंधी निर्वासित, दुसऱ्या बाजूला गावातले मुसलमान. बातमी पसरताच दुकाने धडाधड बंद झाली. अशाच एका बंद दुकानात एक मुसलमान दुकानदार होता. लगतचे त्याच्या भावाचे दुकान जमावाने फोडून लुटले. घरातली बायका-मुले जीव मुठीत धरून त्याच्याकडे पळत आली. मग त्याच्या दारावर लाठ्या बसू लागल्या. त्याने बंदूक झाडली. एक जण मेला, तिघे जखमी झाले.

खालच्या न्यायालयाने त्याला दोषी धरले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते. तिथल्या उच्च न्यायालयातही तो सुटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये त्याला निर्दोष सोडले. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस मूळ नागपूरच्याच उच्च न्यायालयाचे, तिथे मुख्य न्यायाधीश राहिलेले. शेजारचे दुकान लुटले गेले आहे, आसपास माणसे मारली गेली आहेत, आपल्या दारावर घाव पडत आहेत, अशा वेळी दार तुटेपर्यंत वाट पाहा असे कायदा कोणालाही सांगत नाही, हे त्या निकालाचे सार. असले प्रसंग सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. पुढची सत्तर वर्षे वकील तेच सांगत आले आहेत.

तरीही खुनाच्या अपिलात हा काटा पुन्हा पुन्हा बाहेर येतो. त्याचे कारण न्यायाधीशांच्या कठोरपणात नाही, अपिलाच्या स्वरूपात आहे. अपील चालते ते पेपर बुकावर. त्यात फिर्याद असते, पंचनामा असतो, शवविच्छेदनाचा अहवाल असतो, साक्षी असतात. अंधार, आरडाओरडा, समोरच्याच्या हातातला कोयता आणि विचाराला मिळालेले दोन क्षण यांतले काहीच त्यात नसते. मेलेल्या माणसाची प्रत्येक जखम इंचांत मोजलेली असते. मारणाऱ्याची भीती कुठेच मोजलेली नसते.

आपल्याकडचा बांधाचा वाद घ्या. दोन भाऊबंद, एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हातात काठी. एक मेला. खटला उभा राहतो. सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायालय आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल विचारते. हा जबाब पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१३ व्या कलमाखाली होई, आता नव्या संहितेच्या ३५१ व्या कलमाखाली होतो. आरोपीची उत्तरे बहुधा तीनच असतात: खोटे आहे, माहीत नाही, मी तिथे नव्हतो. ‘मी मारले, कारण तो मला मारणार होता’ असे म्हणायला माणूस धजत नाही. कबुली दिली आणि बचाव मान्य झाला नाही तर हातचे सगळेच जाईल, ही धास्ती खरी आहे, आणि पुष्कळदा वकीलच गप्प राहायला सांगतो. मग जन्मठेप होते, आणि उच्च न्यायालयात पहिल्यांदा कोणी तरी म्हणते, हा स्वसंरक्षणाचा प्रकार होता.

न्यायालयाने अशा वेळी ‘आधी का बोलला नाहीत?’ एवढे विचारून फाईल मिटू नये. १९६७ मध्ये मुन्शी राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की आरोपीने हा बचाव घेतलेला नसला तरी पुराव्यातूनच तो पुढे येत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यावा. स्वसंरक्षणाचा अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो हे खरे. पण तो सरकार पक्षाइतका जड नाही. शक्यतेचे पारडे झुकले तरी पुरते, आणि ते उलटतपासणीतल्या एका उत्तरानेही झुकू शकते.

हत्यारांची तुलना हा दुसरा सापळा. देव नारायण प्रकरणात आरोपीच्या डोक्यावर लाठी बसली, त्याने भाला चालवला. लाठीला भाल्याने उत्तर म्हणजे मर्यादा ओलांडली, असे उच्च न्यायालयाला वाटले. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले: डोक्यात बसलेली लाठीही जीव घेते. गावाकडे काठ्यांची मारामारी पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

अर्थात स्वसंरक्षणाच्या हक्काला कड आहे, आणि ती सैल व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. हल्लेखोर खाली पडला, हत्यार हातातून सुटले, आणि तरी चौथा-पाचवा घाव पडला, तर ते घाव रागाचे असतात. भांडण उकरून काढणाऱ्यालाही हे छत्र मिळू नये. मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही, म्हणून त्याच्या वतीने प्रत्येक घावाचा हिशेब विचारलाच पाहिजे. सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली असेल, तर कायदा त्याला खून न मानता सदोष मनुष्यवध मानतो. ही मधली पायरी शहाणपणाची आहे.

ही कड नेमकी कुठे, यावर न्यायालयांतही मतभेद होतात. पंजाबातल्या एका शेतजमिनीच्या भांडणात १९९१ मध्ये एकाने वडिलांच्या डोक्यावर घाव बसलेला पाहून गोळी झाडली. सत्र न्यायालयाने त्याला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तो दर्शन सिंग निकाल जानेवारी २०१० चा. मध्ये जवळजवळ एकोणीस वर्षे गेली.

अशा प्रकरणांत सर्वांत बोलका कागद असतो तो आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा. त्याच घटनेत आरोपीला झालेल्या गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर भांडणाची सुरुवात लपवली जात आहे असा निष्कर्ष काढता येतो. लक्ष्मी सिंग निकालाने १९७६ मध्येच हे सांगितले. अटकेनंतर वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करून जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ नोंदवायची, आणि त्या नोंदीची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला द्यायची, असे कायदा सांगतो. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता लिहिलेल्या त्या चार ओळी दहा वर्षांनी अपिलात वाचल्या जातात. डॉक्टरांनी त्या नीट लिहाव्यात. आणि आपल्या घरातले, भावकीतले कोणी अशा प्रकरणात अटकेत गेले, तर जामिनाच्या धावपळीतही ती प्रत त्याच दिवशी मागून घ्या.