मुलांचे प्रश्न आणि अल्लाहचे आकाश

रमजानचा चंद्र पाहण्यासाठी घरातील लहानथोर गच्चीवर जमतात, तेव्हा एखादे मूल हमखास विचारते, “अब्बा, काल चंद्र कुठे होता?” “गप्प बस, आधी दुआ कर,” असे म्हणून आपण मोकळे होतो. मूल गप्प बसते, पण त्याच्या मनात एक गाठ बसते की, प्रश्नांची उत्तरे शाळेत मिळतात, घरात फक्त धर्म मिळतो. ही गाठ पुढे सुटता सुटत नाही.

वास्तविक दिव्य कुरआनने आकाशाचे चिंतन हे बुद्धिमंतांचे लक्षण सांगितले आहे. सूरह आलि इमरानच्या अखेरच्या भागात उभे असता, बसले असता व पहुडले असता अल्लाहचे स्मरण करणाऱ्या आणि आकाश व पृथ्वीच्या निर्मितीवर विचार करणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. स्मरण आणि विचार येथे एकत्र आले आहेत. मग आपण ते वेगळे का करावेत?

मुलाला अंधाऱ्या खोलीत न्या. एका बाजूला दिवा ठेवा, तो सूर्य. मुलाच्या हाती चेंडू द्या, तो चंद्र. मूल स्वतः पृथ्वी. चेंडू डोक्यापेक्षा किंचित उंच धरून त्याने स्वतःभोवती हळूहळू फिरावे. चेंडूवर आधी कोर, मग अर्धा उजेड, मग पूर्ण उजेड त्याला दिसेल. दिव्याच्या दिशेला चेंडूची उजळलेली बाजू आपल्याकडे नसते. काल चंद्र तेथेच होता! हे चक्र सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे आहे, म्हणून आपला महिना कधी 29, तर कधी 30 दिवसांचा असतो आणि रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून फजर आणि मगरिब होते, हेही त्याला सांगा. नमाजच्या वेळा मग त्याला केवळ घड्याळातील आकडे वाटणार नाहीत.

ग्रहण आले की काही घरांत मुलांना भीती घातली जाते. हिजरी सन 10 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे सुपुत्र इब्राहीम निवर्तले आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, सूर्यही शोक करीत आहे. पित्याचे अंतःकरण दुःखाने भरलेले होते, तरीही त्यांनी तो समज मान्य केला नाही. सूर्य व चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मृत्यूने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे स्पष्ट करून त्यांनी नमाजची शिकवण दिली. पुत्रशोकातही ज्यांनी सत्य झाकले नाही, त्यांचे अनुयायी आपण मुलांना सोयीची असत्ये कशी सांगावीत?

उत्तर ठाऊक नसेल, तर “मला माहीत नाही, आपण मिळून शोधू,” असे म्हणण्यात कमीपणा नाही. उत्तर सापडल्यावर मात्र एक पाऊल पुढे जा आणि ही व्यवस्था कोणी नेमली, हे त्याला विचारा.

अल्लाह आपल्या मुलांना जाणणारी बुद्धी आणि नमणारे हृदय देवो. आमीन.