चालतंय आणि बसलंय

आमच्या भागात कामाची पारख सांगायला दोन शब्द आहेत. एक ‘चालतंय’ आणि दुसरा ‘बसलंय’. कुऱ्हाडीला नवा दांडा घातला, पाचर ठोकली, चार घाव घालून बघितले की म्हणायचं, चालतंय. लोहाराने गाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवली, वर पाणी ओतलं आणि लोखंड आवळताना आरे कुरकुरले की म्हातारी माणसं म्हणत, आता बसली. चालायला आजचा दिवस पुरतो. बसायला उद्याचा भरवसा लागतो. हा फरक मला खरा उमगला तो चाकावरून नव्हे, एका जुन्या रायफलीच्या बोल्टावरून.

कोयनेच्या खोऱ्यात डोंगराला लागून ज्यांची शेतं, त्यांना रानडुकरांचा जाच काय असतो ते सांगायला नको. रात्रीत कळप उतरला की भुईमुगाचं वावर नांगरल्यासारखं दिसतं. आमच्या शेजाऱ्याकडे परवान्याची तीनशे पंधराची रायफल होती. माळ्यावरून एक बार काढला की कळप पांगायचा. ही रायफल म्हणजे फौजेतल्या थ्री-नॉट-थ्रीची धाकटी जाऊ. जेम्स पॅरिस ली याच्या रचनेची रायफल ब्रिटिश फौजेने 1888 साली घेतली आणि 1895 पासून ती ली-एनफील्ड म्हणून ओळखली जाऊ लागली. तीनशे पंधराचा बोल्ट त्याच घराण्यातला. फौजेचं काडतूस खाजगी माणसाला बाळगता येत नाही, म्हणून हे निराळं.

या बोल्टाची एक खोड आहे. त्याची पुढची मुंडी वेगळी असते, आट्यांनी बसवायची. झिजली तर सबंध बोल्ट टाकावा लागत नाही, मुंडी बदलली की झालं. सोय मोठी, आणि धोकाही तिथंच. काडतुसाच्या बुडाला कड असते. ती कड आणि मुंडी यांच्यात फट किती राहते, यावर सगळा खेळ. थ्री-नॉट-थ्रीला फौजेत दोन गेज लावत. 64 हजारांश इंचाच्या गेजवर बोल्ट मिटलाच पाहिजे, 74 च्या गेजवर मिटता कामा नये. मधलं अंतर दहा हजारांश, म्हणजे पाव मिलिमीटर. नंबर चारच्या रायफलीसाठी 0 ते 3 अशा चार मापांच्या मुंड्या येत, एकीपेक्षा दुसरी किंचित लांब. त्याआधीच्या रायफलींना मात्र आर्मररने हाताने निवडून, गेज लावून मुंडी बसवायची.

हे सारं मला सांगितलं तात्यांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी. ते फौजेत आर्मरर होते. पेन्शनवर आल्यावर त्यांनी गावात कुणाच्या बंदुकीला पाना लावला नाही. परवाना नसताना हत्यार उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. पण बघायला परवाना लागत नाही.

शेजाऱ्याच्या रायफलीची मुंडी कुणीतरी बदलून दिली होती. बोल्ट लोण्यासारखा फिरायचा. दांडीवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच, त्यामुळे कागदालाही काही खुपत नव्हतं. तात्यांच्या हाती लागल्या त्या रिकाम्या पुंगळ्या. बुडाच्या जरा वर, सगळ्या गोलाभोवती एक उजळ रेघ होती. नुसती रेघ बाहेरून फसवते, म्हणून त्यांनी बारीक तारेला आकडा केला आणि पुंगळीच्या आतून भिंतीवर ओढला. त्या जागी तार अडकली. तीन पुंगळ्या तपासल्या, तिन्हीत अडकली. पितळ आतून ताणून पातळ झालेलं. अशी पुंगळी एखाद्या दिवशी तुटते आणि तापलेला वायू मागं, गालाच्या दिशेने येतो.

तात्या म्हणाले, “ही आता वाजवायची नाही.”

“आवं तात्या, दोन वर्सं चालतिया की. आन् आज रातीला डुकरं आली तर?”

“चालतिया रं. पर बसल्याली न्हाई.”

शेजारी चिडला, आणि त्याचं चिडणं खोटं नव्हतं. भुईमूग काढणीला आलेला. परवान्याचा कारागीर जिल्ह्याला. जायचं, रायफल ठेवायची, दोन खेपा घालायच्या. काटेकोरपणा ही ज्याच्या घरात धान्य आहे त्याची चैन, असं त्याला वाटलं असेल तर त्याला नावं कशी ठेवायची?

जिल्ह्याच्या कारागिराने गेज लावले, तेव्हा कळलं ते असं: मुंडी जरा आखूड होती, बोल्टाचे कान जरा झिजले होते आणि बॉडीतली त्यांची बैठकही जरा झिजली होती. एकेकटी घेतली तर तिन्ही चालण्यासारखी. बेरीज मात्र चालण्यासारखी नव्हती.

मी बरीच वर्षं या बेरजेचा विचार करतो आहे. इथं खोटं कुणीच बोललं नव्हतं. मुंडी विकणारा म्हणेल, माझा भाग मापात आहे. बसवणारा म्हणेल, बोल्ट मिटला, बार निघाला. मालक म्हणेल, मला यातलं काय कळतं? प्रत्येकाचं बोट स्वतःच्या भागावर, आणि भागात दोष नाही. मग पुंगळी तुटली असती तर पाप कुणाच्या माथी?

गावगाड्यात हे रोजचंच आहे. रस्त्याला खडी थोडी कमी, डांबर थोडं पातळ, गटार थोडं उथळ. पहिल्या पावसात रस्ता वाहून जातो आणि चौकशीत सगळे मापात निघतात. आपण दोष शोधतो माणसात, आणि तो बसलेला असतो माणसा-माणसांच्या मधल्या फटीत. त्या फटीला धनी नसतो.

माझ्यापुरतं उत्तर असं, की जो शेवटी सगळं जोडून दुसऱ्याच्या हाती देतो, त्याने त्या फटीचं धनीपण घ्यावं. सुटे भाग मोजणं पुरेसं नाही, जोडून झाल्यावर पुन्हा मोजायला हवं. ज्याचा गाल दस्त्याला टेकणार आहे त्याला गेज ठाऊक नसतो. तो आपल्या ‘चालतंय’वर विसंबतो. म्हणून दुसऱ्याच्या जिवावर हा शब्द उच्चारायचा हक्क कारागिराला नाही. मालकाला तरी पुरता कुठं आहे? बार काढताना शेजारी पोरगं कंदील धरून उभं असतं.

पण एवढ्यावर थांबलं तर उत्तर अर्धवट राहतं. ‘थांब’ म्हणणं सोपं असतं, थांबण्याची किंमत मोजणारा वेगळा असतो. तात्यांना हे कळत होतं. रायफल जिल्ह्याला होती ते अकरा दिवस ते रोज रात्री घोंगडी आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन शेजाऱ्याच्या माळ्यावर जात. दोघं आळीपाळीने डबा बडवत. तरी एका रात्री कळप उतरलाच आणि चार सऱ्या गेल्या. शेजारी दोन दिवस बोलला नाही. तात्या तिसऱ्या रात्रीही गेले.

नियम सांगणारी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली, हापिसात, बँकेत, दवाखान्यात. त्यांचे नियम बहुतेक वेळा बरोबरच असतात. तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते बसत नाहीत, कारण नियम सांगून माणूस घरी झोपायला जातो. तात्यांचा नियम शेजाऱ्याच्या मनात बसला, तो मात्र बराच पुढे. लांब मुंडी घातलेली रायफल आल्यावर त्याने पहिल्या बाराची पुंगळी उचलली, तात्यांसारखाच तारेचा आकडा केला आणि आतून फिरवून पाहिला. तार कुठंच अडकली नाही. मग पुंगळी तात्यांच्या हातावर ठेवली. बोलला काहीच नाही.