पिंजऱ्यातले उत्तर

मांडूच्या चंपा बावडीत खाली उतरले की भर उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. बावडीला जोडून जमिनीखाली खोल्या बांधल्या आहेत, त्या उकाड्यात राहण्यासाठीच. माणसाला हवा कशी मानवते याचा केवढा विचार! तेथे उभे असताना आम्हांला जहांगीर बादशहाची आठवण झाली. १६१७ साली तो काही महिने मांडूला मुक्कामास होता. पशुपक्ष्यांचे निरीक्षण करण्याचा त्याला मोठा नाद.

आपल्या आत्मवृत्तात त्याने लिहून ठेवले आहे की, त्याचे वडील अकबर यांनी हजारभर चित्ते जमविले होते. त्यांची वीण व्हावी म्हणून बागांतून नरमाद्या एकत्र ठेवून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही. पुढे एकदा एक नर गळ्याचा पट्टा सोडवून आपणच मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिले झाली. अकबराच्या पदरच्या एखाद्या विद्वानाने चित्त्यांवर ग्रंथ लिहिला असता, तर माणसाळलेला चित्ता वितच नाही असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले असते. पट्ट्याचा गुण त्याने चित्त्याच्या नावावर मांडला असता.

हाच घोटाळा आजच्या प्रयोगशाळांतही होतो. पुष्कळ ठिकाणी पांढरे उंदीर २० ते २४ अंश सेल्सियसच्या खोलीत ठेवतात. अंगात कोट घालून काम करणाऱ्या माणसाला ते सुखाचे वाटते; विसावलेल्या उंदराला मात्र ३० अंशांच्या आसपासची ऊब लागते. घरटे करायला काही मिळाले नाही तर तो जास्त खातो, त्याचे हृदय जलद चालते, सारी शक्ती ऊब राखण्यात खर्च होते. २०१३ साली अमेरिकेतील बफेलो येथील संशोधकांना असे आढळले की, ३० अंशांत ठेवलेल्या उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी २२ अंशांतल्या उंदरांपेक्षा सावकाश वाढतात. खोली बदलली, रोगाची चाल बदलली. पिंजरा वेळेवर साफ केला नाही तर मुतापासून अमोनिया होतो व उंदरांचा फुप्फुसाचा विकार बळावतो. मग बिघाड औषधाने झाला की घाणीने, हे कोणी सांगावे? आमच्याकडे वीज जाते तो हिशेब निराळाच.

प्राण्यांवर प्रयोगच नकोत, असे म्हणण्याचा धीर आम्हांला होत नाही. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली ती आधी सशांना टोचली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला. त्या सशांचे ऋण आमच्या घराण्यांवर आहे. पण ज्याचा जीव घेतला, त्याने दिलेले उत्तर आपल्याच निष्काळजीपणाने खोटे ठरावे, तर त्या जिवाचे काय झाले? आणि त्या उत्तरावर विसंबून औषध घेणाऱ्या रोग्याचे?

म्हणून काही जण सांगतात, प्राण्यांना सुखात ठेवा, निष्कर्ष चांगले येतील. पैसे द्यायला कुरकुरणाऱ्या कमिटीपुढे हा मुद्दा चालतो, आणि तो जरूर मांडावा. आमचे समाधान मात्र त्याने होत नाही. उद्या कोणी दाखवून दिले की, कुडकुडणारा उंदीरही अमुक प्रयोगात तेच उत्तर देतो, तर त्याची ऊब काढून घ्यावी काय? नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात मुक्या जनावराची कदर ही नीतिमानाची खूण म्हटली आहे; त्यायोगे दूध किती वाढते याचा तेथे उल्लेख नाही.

आपल्या देशात १९६० च्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. खोलीची उष्णता १८ ते २९ अंशांच्या दरम्यान असावी, हवेतील दमटपणा शेकडा ३० ते ७० असावा, असे तिच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. एका शब्बाथशाळेत आम्ही हे सांगत होतो. मुलांना अंशांत काही रस नव्हता. मागच्या बाकावरच्या एका लहान मुलाने विचारले, "आज रविवार. त्यांना आज खायला कोण घालणार?"

सुट्टीच्या दिवशीही जाणत्या माणसाने जाऊन प्राणी पाहिलेच पाहिजेत असा नियम आहे, तो आम्ही त्याला सांगितला. त्यावर तो म्हणाला, "आणि तो माणूस आलाच नाही तर?"