खोक्यावरचा आकडा

पुणे-सातारा रस्त्यावर, खेड-शिवापूरच्या अलीकडं एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. गिऱ्हाइकं त्यांना अण्णा म्हणत, भाचा बाळू मात्र मामा म्हणे. पत्र्याची शेड, मधोमध खाली उतरून काम करायचा खड्डा आणि खांबाला टांगलेला हॅन्डलॅम्प: तारेच्या पिंजऱ्यात 60 वॉटचा बल्ब, मागं लांबलचक वायर. त्या वायरवरून किती जॅकची चाकं गेली असतील, त्याची गणती नव्हती.

आषाढात एका संध्याकाळी फरशीवर पाणी साचलेलं असताना बाळूनं लॅम्प उचलला आणि झटका बसून तो मागं फेकला गेला. वायरचं वरचं रबर फाटून आतली तांब्याची तार उघडी पडली होती. पोरगं वाचलं. मामांनी प्लग उपसला, पकड घेतली आणि वायर मधोमध तोडली.

"आजपासून गाडीखाली 230 व्होल्ट जाणार नाही," ते म्हणाले. "सेलचा दिवा आण. तूच बघून आण, वापरायचाय तुला."

बाळूनं मोबाइलवर बसल्या बसल्या निवड केली. निवडीचा नियम एकच, खोक्यावर आकडा सगळ्यांत मोठा हवा. चार दिवसांत दिवा आला. खोक्यावर लिहिलं होतं 50,000 लुमेन, सेल 9900 एमएएच. बटण दाबलं तशी अख्खी शेड पांढरीफटक झाली. शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. बाळूची छाती फुगली. मामांनी डोळ्यांवर हात धरला, पण बोलले काही नाहीत.

त्याच आठवड्यात रात्री नऊच्या सुमाराला एक छोटी मोटार येऊन थांबली. आत नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. साताऱ्याला निघालेले, पुढं खंबाटकी घाट. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला होता म्हणून वाटेत पंपावर ब्रेक ऑइल टाकून घेतलं होतं. दिवा विझला होता, तरी जिवाला घोर होता म्हणून गाडी दाखवायला आणली होती.

मामा आत जेवत होते. बाळूनं बोनेट उघडलं, डबीतली लेव्हल बघितली, पुढची चाकं काढली. पॅड झिजलेले होते. पॅड झिजले की पिस्टन पुढं सरकतो, कॅलिपरमध्ये ऑइल जास्त मावतं आणि डबीतली लेव्हल आपोआप उतरते. हे ज्ञान खरं होतं, आणि म्हणूनच बाळूला ते पटकन पटलं. मग तो नवा दिवा घेऊन गाडीखाली सरकला. भर पावसातून आलेली गाडी, सगळीकडं पाणी ठिबकत होतं. प्रत्येक थेंब आरशासारखा चमकून डोळ्यांत घुसत होता आणि दिवा बाजूला केला की मागं नुसता काळोख उरत होता. त्यानं मागच्या चाकांवरून उजेड फिरवला आणि बाहेर आला.

"काही नाही साहेब, पॅड झिजलेत. सातारला जाऊन बदला, चालेल."

मामा हात पुसत आले. "मागं बघितलंस?"

"बघितलं मामा. पावसाचं पाणी आहे. ऑइल असतं तर पाण्यावर रंगीत तवंग नसता आला?"

"इंजिन ऑइलला येतो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, त्याला कुठला तवंग?" मामांनी दिवा घेतला आणि बटण दाबत दाबत अगदी मंद केला. मग गुडघे टेकून तो जमिनीलगत आडवा धरला. उजेड आता चाकावर समोरून पडत नव्हता, घासून जात होता.

"भर दुपारी नांगरलेलं रान सपाट दिसतं बाळू. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ढेकूळ न् ढेकूळ मोजता येतं. आता बघ."

डाव्या मागच्या टायरच्या आतल्या अंगाला चिखलाचे शिंतोडे उडाले होते. त्यांच्यामधून रिमच्या कडेपासून खाली उतरलेला बोटभर रुंदीचा ओघळ स्वच्छ दिसत होता. तिथं चिखल धरलाच नव्हता. ओघळाच्या वरच्या टोकाला रिमचा रंग बारीक फोड येऊन सुटला होता. पाण्यानं रंगाला असे फोड येत नाहीत, ब्रेक ऑइलनं येतात. मामांनी तिथं बोट लावलं आणि बाळूच्या अंगठ्यावर घासलं. बुळबुळीत.

ड्रम उघडला. व्हील सिलिंडरच्या एका टोकाचं रबरी टोपण फुगून उचललं होतं, त्याखालून थेंब थेंब झिरपत होतं आणि दोन्ही लायनर ऑइलनं भिजून काळे पडले होते. पुढच्या घाटात काय झालं असतं, ते कुणी बोलून दाखवलं नाही. गाडी गॅरेजमध्ये राहिली, मंडळी शिरवळच्या पाहुण्यांना बोलावून त्यांच्या जीपनं गेली.

मामा बाळूवर ओरडले नाहीत. सकाळी त्यांनी वायरिंगचा एक जुना तुकडा घेतला. त्यात लाल, तपकिरी, नारिंगी, गुलाबी अशा वायरी होत्या. तो शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नव्या दिव्याखाली धरला.

"यातली लाल कुठली?"

बाळूनं बोट ठेवलं. मामांनी तुकडा उन्हात नेला. बोट तपकिरी वायरवर होतं.

"बल्बच्या पिवळ्या उजेडात तू कधी चुकला नाहीस," मामा म्हणाले. "त्यात शॉक होता, चटका होता, पण रंगाच्या बाबतीत तो खोटं बोलत नव्हता."

मग त्यांनी एक पुडकं बांधून दिलं. त्यात तो वायरींचा तुकडा, फुटलेल्या गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम खोळीचा एक टवका आणि स्वतःचा तेलकट हातमोजा. "नाना पेठेतून व्हील सिलिंडर आणि लायनर आण. तसाच बुधवारात जा आणि दिवा घेऊन ये. आकडा विचारू नकोस. हे पुडकं सोड आणि काय होतंय ते बघ."

बुधवार पेठेत पहिल्या दुकानदारानं सगळ्यांत झगझगीत दिवा पुढं केला. त्याखाली लाल आणि तपकिरी पुन्हा एक झाल्या. दुसऱ्या दुकानात वायरी बरोबर दिसल्या, पण दिव्याला नुसतं चुंबक होतं. ॲल्युमिनियमच्या टवक्यावर ते क्षणभरही टिकेना. आता कितीतरी गाड्यांचं इंजिन, गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचं आणि बंपर प्लॅस्टिकचा. तिथं चुंबक काय धरणार? हुक हवा. तिसऱ्या दुकानातला दिवा देखणा होता, बटण काचेसारखं सपाट. तेलकट हातमोजा घालून बाळूनं ते चार वेळा दाबलं. बोट घसरलं, दिवा लागला नाही. मला विचाराल तर हजारो रुपयांच्या दिव्याची खरी परीक्षा त्या मोज्यानंच होते. खोक्यावर कुणी तसलं काही छापत नाही, आणि मिस्त्रीचा हात तर दिवसभर तेलातच असतो.

चौथं दुकान अरुंद होतं. आत एक वयस्क चाचा सोल्डरिंग करत बसले होते. पुडकं बघून त्यांनी चष्मा वर केला. "कुणी दिलं हे?"

"मामांनी. गॅरेज आहे आमचं."

"मग बस." बाळूनं पिशवीतून जुना दिवा काढला. चाचांनी त्याचे स्क्रू सोडून सेल तळहातावर घेतला. "18 मिलिमीटर जाड, 65 लांब. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजार एमएएचच्या आसपास मावतं. यावर 9900 छापलंय. कागद आण."

त्यांनी बिलाच्या पाठीमागं हिशेब मांडला. साडेतीन हजार गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे साधारण 13 वॉट-अवर. चांगला एलईडी एका वॉटला शंभरेक लुमेन देतो. म्हणजे 50,000 लुमेनला 500 वॉट लागणार. "सेल चांगला असता तरी दीड मिनिटात बसला असता. आणि तेवढ्या उष्णतेनं तुझा हात भाजला असता. भाजला का?"

"नाही."

"मग आकडा खोटा. तुमच्या जुन्या बल्बचा उजेड किती होता? 60 वॉट म्हणजे सातशेच्या आसपास लुमेन. त्यात तुझ्या मामांनी जन्म काढला."

रंगाचं त्यांनी समजावलं ते असं. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा उजेड असतो, वर पिवळी पूड चढवून तो पांढरा केलेला. हलक्या मालात गडद तांबडा उरतच नाही, मग लाल वायर लाल दिसणार कशी? गिअरचं लाल ऑइल आणि इंजिनचं तपकिरी ऑइल यांतही तोच घोटाळा. उन्हाला 100 धरून दिव्याला जे गुण देतात, त्याला सीआरआय म्हणतात. तारेचा बल्ब शंभराच्या जवळ असतो, स्वस्त एलईडी सत्तर-ऐंशीवर अडकतो. वायरिंग आणि रंगकामाला नव्वदच्या वर हवा. "पण तेही छापलेलंच असतं," चाचा म्हणाले. "म्हणून मामांचा तुकडा घेऊन दारात जा, उन्हात बघ, आत येऊन दिव्याखाली बघ. दोन्हीकडं सारखं दिसलं तर घे."

बाळूनं असंच केलं. शेवटी निवडलेला दिवा दिसायला साधा होता. 500 लुमेन. एका ठिपक्याऐवजी लांब पट्टी, म्हणजे सावल्या मऊ पडतात आणि डोळ्यांत टोचत नाही. मान वाकणारी, मागं चुंबक आणि पोटात दुमडलेला हुक, मोज्यातून लागणारं उठावदार बटण, धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यासाठी आयपी 65. चाचांनी निघताना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. खोक्यावरचे दहा तास मंद उजेडाचे असतात, पूर्ण उजेडात किती चालतो ते विचारावं. इथं ते तीन तास होते. आणि ब्रेक क्लीनरचा फवारा दिव्याच्या प्लॅस्टिक काचेवर मारू नये, तिला बारीक तडे जातात. ओल्या फडक्यानं पुसावी.

संध्याकाळपर्यंत त्या मोटारीला नवं व्हील सिलिंडर आणि लायनर बसले, ब्रेकमधली हवा काढून झाली. झगझगीत दिव्याचा उपयोगही मामांनी शोधला. चार्जरला जोडून तो तुळईला टांगला. रात्री अंगणात गाडी मागं घ्यायला तो कामी येतो.

पुढं हिवाळ्यात, दिवस मावळल्यावर एक गिऱ्हाईक आलं. गाडीला पेट्रोलचा वास येत होता. मामा गावात गेले होते. नव्या पोऱ्यानं गाडी थेट खड्ड्यावर नेऊन उभी केली. बाळू दिवा हातात घेऊन पायरीपाशी आला आणि तिथंच थांबला. खालून वास येत होता. टाकीच्या पाइपमधून थेंब खड्ड्यात पडत होते. दिवा अजून लावलेला नव्हता. तो त्यानं तसाच खिशात घातला.

"काय झालं?" गिऱ्हाईक म्हणालं. "दिवा तर सेलचा आहे तुमचा. चांगला दिसतोय."

"चांगलाच आहे साहेब. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते. या दिव्याच्या बटणात बारीक ठिणगी पडली तरी पुरे. तिथं फ्लेमप्रूफ दिवा लागतो, पेट्रोल-स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या नागपूरच्या सरकारी पेसोचा दाखला असलेला. आमच्याकडं तो नाही."

"अहो, पाच मिनिटांचं काम. मला रात्रीच पुण्याला पोचायचंय."

"गाडी सुरू करायची नाही, कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, मोबाइल काढायचा नाही. आधी ती हातानं बाहेर मोकळ्यावर काढू. पाइप सकाळी उजेडात बदलून देतो," बाळू म्हणाला. त्यानं पोऱ्याला मागं बोलावलं, स्टिअरिंगशी उभा राहिला आणि खिडकीतून हात घालून गाडी न्यूट्रल केली.

"या साहेब, तुम्हीपण हात लावा. जरा चढ आहे."