डाग काढण्यापूर्वीं

जुन्या वस्त्रावरील डाग कसा काढावा, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. तो काढावा कीं नाहीं, हें विचारणारा क्वचितच भेटतो. आमच्या मतें हा दुसरा प्रश्न आधींचा आहे.

जालना, अंबड या बाजूच्या जुन्या घरांतून आजीची पैठणी पेटीच्या तळाशीं जपून ठेवलेली आढळते. जालना जिल्हा १९८१ सालीं निराळा झाला. तोंपर्यंत अंबड व पैठण हे एकाच औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके होते, तेव्हां हें महावस्त्र इकडे परकें नाहीं. घरांत कार्य निघालें कीं ती पैठणी बाहेर येते आणि तिच्याबरोबर हळदीचे, तेलाचे, विड्याचे जुने डागही बाहेर येतात. नात म्हणते, 'साफ करून मी नेसेन'. आजी म्हणते, 'असूं दे तशीच.' दोघींपैकीं कोणाचा अधिकार मोठा?

अधिकाराच्या आधीं ज्ञानाचा विचार करूं, कारण अज्ञानानें केलेल्या शुद्धीस कोणताच अधिकार पाठीशीं घालूं शकत नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत रेशीम व लोकर यांस खारी माती, कांबळ्यांस रिठे आणि क्षौमास पांढरी मोहरी अशी शुद्धिद्रव्यांची वांटणी केली आहे. वस्त्रावस्त्रांत भेद आहे हें त्या शास्त्रकारानें ओळखलें होतें. तपशिलांत मात्र आजचें रसायनशास्त्र त्याच्याशीं सहमत होणार नाहीं. रेशीम हें प्राणिज. तीव्र क्षार त्याचा तंतु खातो, आणि रंग उडविणारीं क्लोरिनचीं द्रव्यें तर तो विरघळवूनच टाकतात. त्यास रिठ्याचें सौम्य पाणीच मानवतें. सुताचें उलट: तें सोडा सोसतें, पण तीव्र आम्लानें जळतें. हळदीच्या डागावर साबण लावावा तर तो लालभडक होतो. क्षाराच्या योगानें हळदीचें कुंकू होतें, तोच हा गुण. रक्ताच्या डागावर कढत पाणी ओतणारा तो डाग कायमचा करून ठेवतो. सर्वांत वाईट गत जरीची. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली रुप्याची तार. ती काळवंडली म्हणून चिंचेनें घासणारा हात काळेपणाबरोबर सोनेंही नेतो.

येथें कोणी म्हणेल, जपून करा म्हणजे झालें. तेवढ्यानें भागत नाहीं. लोखंडी टांचणीचा गंज, घाम, खरकटें यांचे डाग वस्त्राला आंतून खात राहतात. ते ठेवणें म्हणजे रोग ठेवणें. पण हळदीचा फिका शिंतोडा वस्त्राचें कांहींच बिघडवीत नाहीं. तो आमच्या डोळ्याला सलतो. डोळ्यालाही नव्हे, पाहुणे काय म्हणतील या आमच्या धास्तीला. अशा वेळीं आपण वस्त्र धूत नसतों, आपली अब्रू धूत असतों. नव्याचाच सोस असेल तर नव्या रेशमाला तोटा नाहीं. खुद्द जालन्यास २०१८ सालीं रेशीमकोषांचा बाजार सुरू झाला. रस्किननें १८४९ सालीं ग्रंथ लिहून आणि विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं संस्था स्थापून जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराविरुद्ध जी हाकाटी केली, तिचें मर्म हेंच होतें कीं, काळाची खूण खरवडून मिळणारें नवेपण खोटें असतें.

म्हणून प्रत्येक डाग पूज्य, असें म्हणणारांचा पक्षही आम्हांस मान्य नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं रक्तानें माखलेलीं महात्मा गांधींचीं वस्त्रें दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयांत जतन केलेलीं आहेत. तें रक्त धुवून काढण्याचें कोणाच्या स्वप्नांतही येणार नाहीं; तेथें डाग हाच मजकूर आहे आणि वस्त्र हा नुसता कागद. पण चहाचा डाग म्हणजे इतिहास नव्हे, आणि नेसण्यासाठीं विणलेलें वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या पेटींत कोंडणें ही त्याची विटंबनाच. येथें नातीची बाजू बळकट आहे. ठेवलेला डाग उद्यां काढतां येईल, काढलेला परत आणतां येणार नाहीं, हा आजीच्या बाजूचा युक्तिवादही पुरता खरा नाहीं; तेलाचा डाग वर्षांगणिक पिवळा पडून तंतूंत मुरतो आणि पुढें निघेनासा होतो. थांबण्यालाही किंमत पडते.

आमचा कल असा: डागाची हकीकत सांगणारें माणूस जिवंत आहे तोंवर त्याला विचारल्यावांचून पाण्याला हात लावूं नये. आजी 'असूं दे' म्हणते ती कंटाळ्यानें कीं आठवणीनें, हें तिलाच ठाऊक; डाग तिच्या स्वतःच्या लग्नांतल्या हळदीचा असेल, तर तिचा हक्क नातीच्या हौसेहून मोठा. ती गेल्यावर मात्र निर्णय नातीचा. मेलेल्यांच्या आठवणी जिवंतांवर लादण्याचें काम आम्हां मध्यस्थांस कोणी सांगितलें?

आणखी एका डागाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण तो मुद्दाम पाडलेला असतो. धुण्यांची सरमिसळ होऊं नये म्हणून पूर्वीं परीट कापडाच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसानें खूण करीत. ती सोड्यानें जात नाहीं कीं भट्टीनें जात नाहीं. जुन्या पैठणीवर विणणाराचें नांव सहसा नसतें. एखाद्या आजोबांच्या उपरण्यावर मात्र ते दोन काळे ठिपके अजून दिसतात. त्या घराचे कपडे आयुष्यभर धुणाऱ्या माणसाचा दुसरा कसलाही लेख त्या घरांत उरलेला नसतो. तेवढे ठिपके कोणी घालवूं पाहील, तर त्यास आम्ही हात धरून थांबवूं.