बारा महिन्यांची पिढी

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात फोनची बॅटरी बदलायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो होतो. फोन साडेतीन वर्षांचा, बाकी ठणठणीत, फक्त दुपारपर्यंत मान टाकायचा. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने हीट गनने मागची काच तापवली, कडेने एक पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवली आणि चिकटवलेला गोंद चरचर आवाज करत सुटला. शेजारीच त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला यंदाचा फोन उघडा पडला होता. कुणाच्या तरी हातून पडून त्याचा फोल्डर गेला होता. पडदा आणि त्यावरची काच यांच्या जोडीला या गल्लीत फोल्डर म्हणतात. दोन्ही फोनची पोटं शेजारी शेजारी दिसत होती. मी विचारलं, "या दोघांत फरक काय रे?" मान वर न करताच तो म्हणाला, "कॅमेऱ्याची जागा बदललीये. आणि याची बॅटरी काढायला जास्त वेळ लागतो, काका."

ते उत्तर डोक्यातून जाईना. या कंपन्या आता खरंच काही नवं करतात का, हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो. नवा फोन, नवं घड्याळ, नवा लॅपटॉप बाजारात आला की कुणीतरी म्हणतंच, "मागच्यात आणि यात काय वेगळं आहे?" तक्रार खोटी नाही. पण तिच्यात एक गोष्ट आपण न तपासता धरून चालतो. वर्ष उलटलं की वस्तूने नवं व्हायलाच हवं, हे आपल्याला कुणी शिकवलं? माणसाची पिढी पंचवीस-तीस वर्षांची असते. वस्तूची पिढी बारा महिन्यांची कशी झाली?

ही कल्पना फोनच्या फार आधीची, मोटारीच्या धंद्यातली आहे. हेन्री फोर्डने 1908 साली मॉडेल टी बाजारात आणली आणि 1927 पर्यंत तीच गाडी दीड कोटींहून जास्त संख्येने विकली. एकोणीस वर्षं एकच गाडी. या काळात नवं घडलं ते कारखान्यात. जोडणीची पट्टी फिरू लागली, वेळ वाचला आणि साडेआठशे डॉलरची गाडी तीनशेच्याही खाली आली. फोर्डच्या लेखी सुधारणा म्हणजे तीच वस्तू जास्त लोकांच्या दारात नेणं. प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सची सूत्रं 1923 मध्ये आल्फ्रेड स्लोनकडे आली आणि त्याला वेगळंच दिसलं. ज्यांना गाडी हवी होती त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ती आलेली होती. आता विकायची कुणाला? ज्याच्याकडे आहे त्यालाच. मग त्याच्या दारातली गाडी जुनी दिसायला हवी. पत्र्याची वळणं, रंग, दिव्यांची ठेवण दरवर्षी बदलू लागली. 1927 मध्ये स्लोनने हार्ली अर्ल या रेखाटनकाराच्या हाताखाली त्यासाठी स्वतंत्र विभागच उघडला. इंजिन बरेचदा तेच असायचं.

या गोष्टीतला मला सर्वांत विचार करायला लावणारा माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग. तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता आणि अस्सल संशोधक होता. हँडल मारून गाडी सुरू करताना लोकांचे हात मोडत. केटरिंगच्या चमूने विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि 1912 च्या कॅडिलॅकपासून ते हँडल गेलं. याच माणसाने 1929 मध्ये एका व्यापारविषयक मासिकात लेख लिहून मांडलं की गिऱ्हाइकाला असमाधानी ठेवलं पाहिजे, कारण सगळे समाधानी झाले तर कारखाने थांबतील. एकाच डोक्यात दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या, हात वाचवणारा स्टार्टर आणि मन अस्वस्थ ठेवणारं मॉडेल. म्हणूनच कंपन्या लबाड आहेत म्हणून हा प्रश्न निकालात काढणं मला पटत नाही. खरं नवेपण आणि विक्रीसाठीचं नवेपण एकाच छपराखाली, कधी एकाच टेबलावर जन्माला येतं. वेगळं करून बघण्याचं काम आपलं.

वार्षिक मॉडेलची ही युक्ती युक्तीच राहिली असती. तिला पुढे खऱ्या विज्ञानाची साथ मिळाली आणि तिथून आपली गफलत सुरू झाली. एप्रिल 1965 मध्ये चिपच्या धंद्यातल्या गॉर्डन मूरने एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात अंदाज बांधला की एका चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल आणि 1975 पर्यंत पासष्ट हजारांवर जाईल. 1975 मध्ये त्याने हा वेग दर दोन वर्षांवर आणला. यालाच पुढे मूरचा नियम म्हणू लागले, पण तो निसर्गनियम कधीच नव्हता. ते एका धंद्याने स्वतःला बांधून घेतलेलं वेळापत्रक होतं, आणि हजारो अभियंत्यांनी ते जिवापाड पाळलं. दरम्यान 1974 मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने दाखवलं की ट्रान्झिस्टर लहान केला की तो जलद चालतो आणि वीजही त्या प्रमाणात कमी खातो. म्हणजे लहान करत जा, बाकीचं आपोआप मिळत जाईल.

ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणक घेतला त्यांना हे अंगावर आठवत असेल. 386 च्या जागी 486 आला, 1993 मध्ये पेंटियम आला आणि प्रत्येक वेळी फरक डोळ्यांना दिसला. जे छापायला चहा होईपर्यंत थांबावं लागे, ते चहाचं आधण ठेवेपर्यंत बाहेर येऊ लागलं. स्लोनचं कॅलेंडर आणि मूरचं वेळापत्रक तीसेक वर्षं हातात हात घालून चाललं. नवं मॉडेल म्हणजे खरोखर जास्त चांगली वस्तू, ही आपली समजूत त्या काळात अनुभवाने पक्की झाली. मग 2005 च्या आसपास डेनार्डचा हिशोब बिघडला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि चिप तापू लागली. चिपच्या आतल्या घड्याळाचा वेग चारेक गिगाहर्ट्झच्या आसपास अडकला. दुप्पट वेगाऐवजी दोन-दोन, चार-चार गाभे एकत्र बसवण्याची सुरुवात झाली. कॅलेंडर मात्र थांबलं नाही.

नेमक्या याच वळणावर आयफोन आला. जानेवारी 2007 मधल्या त्या पहिल्या फोनमध्ये काय काय नव्हतं, हे आता विसरायला होतं. थ्रीजी नव्हतं, व्हिडिओ काढता येत नव्हता, मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवता येत नव्हता, बाहेरची अ‍ॅप घेता येत नव्हती. 2008 मध्ये थ्रीजी आणि अ‍ॅपचं दुकान आलं. 2009 मध्ये व्हिडिओ आणि कॉपी-पेस्ट, 2010 मध्ये पुढचा कॅमेरा आणि अक्षरं छापल्यासारखी दाखवणारा पडदा, 2013 मध्ये बोटाच्या ठशाची कळ. दरवर्षी टाळ्या पडाव्यात असंच ते होतं. पण नीट पाहिलं तर त्यातलं पुष्कळसं पहिल्या फोनमध्ये राहिलेली भोकं बुजवणं होतं. भोकं संपली तशा टाळ्याही विरळ झाल्या.

सायकलचं असंच झालं होतं. 1885 मध्ये जॉन स्टार्लीची रोव्हर आली, तीन वर्षांनी डनलॉपचे हवेचे टायर आले आणि सायकलचा आकार ठरून गेला. आजही ती बघताक्षणी ओळखू येते. सायकलवाले संपले, असं त्यासाठी कुणी म्हटलं नाही.

मग नवं काही होतच नाही का? होतं, आणि थक्क व्हावं असं होतं. फक्त ते आपल्या तळहातापासून फार लांब गेलं आहे. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावची एएसएमएल ही कंपनी चिपवर नक्षी कोरणारी यंत्रं बनवते. त्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे केसाहून बारीक थेंब सेकंदाला पन्नास हजार या वेगाने सोडले जातात. प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा होतो. पहिल्या आघाताने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने तो पेटून उठतो आणि साडेतेरा नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवासुद्धा गिळून टाकते, म्हणून सगळा खेळ निर्वातात, आरशांवरून परावर्तन करत चालतो. हे जमवायला कित्येक देशांतल्या संशोधकांची तीन दशकं गेली, आणि 2019 पासून अशा चिप फोनमध्ये येऊ लागल्या. आपल्या हातात त्याचं काय पोहोचलं? फोन जरा जलद उघडला, बॅटरी तासभर जास्त टिकली. एवढ्या तपश्चर्येचं फळ आपल्याला जाणवतच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. विक्रीच्या मंचावरून मात्र कॅमेऱ्याचा नवा रंग सांगितला जातो.

उलट टोकही आपण पाहिलेलं आहे. आकुर्डीच्या बजाजने इटलीच्या पियाजिओबरोबरचा करार संपल्यावर 1972 मध्ये चेतक आणली. परवाने आणि कोट्यांच्या त्या राजवटीत स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. लग्नाच्या बोलण्यांत तिचा विषय निघे. गाडी सुरू होईना की ती एका अंगाला कलती करून मग किक मारायची, ही रीत अख्ख्या देशाला पाठ होती. चेतक कुठल्याही गॅरेजमध्ये उघडता यायची, भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे, एक स्कूटर बापाकडून लेकाकडे जायची. आज मागे वळून पाहताना तो टिकाऊपणा मोहवतो. पण रांगेतल्या गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नव्हता, म्हणून बदलण्याची निकडही नव्हती, हे विसरून कसं चालेल? 2001 मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली, साडी नेसलेल्या बाईलाही गिअरशिवाय, बटण दाबून नेता येणारी. 2009 च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणं थांबवण्याचं जाहीर केलं. दरवर्षी नुसता पत्रा बदलणं आणि तीस वर्षं काहीच न बदलणं, या दोन्हींत गिऱ्हाइकाची गरज कुठेच मध्यभागी नव्हती.

ती मध्यभागी आणली की हिशोब कसा उलटतो, हे 2017 नंतर दिसलं. जुन्या बॅटरीचे आयफोन सॉफ्टवेअरने संथ केले जातात, हे त्या डिसेंबरात अ‍ॅपलने कबूल केलं आणि बॅटरी बदलण्याची किंमत एकोणऐंशी डॉलरवरून एकोणतीसवर आणली. जानेवारी 2019 मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी येणार असल्याचं कळवलं. कारणांच्या यादीत स्वस्तात बदलून घेतलेल्या बॅटऱ्यासुद्धा होत्या. म्हणजे कितीतरी लोकांना नवी पिढी नको होती, बॅटरी हवी होती. त्यानंतरचे जे बदल मला खरे नवे वाटतात ते याच अंगाचे आहेत. गूगलने 2023 मध्ये आणि सॅमसंगने 2024 मध्ये काही फोनना सात वर्षं सॉफ्टवेअर देण्याचं वचन दिलं. युरोपच्या नियमांनुसार जून 2025 पासून फोनचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळायला हवेत. यावर कुणी दिवे लावून सोहळा केला नाही.

माझ्या आईचा फोन सहा वर्षांचा आहे. पूर्वी फोनवर मराठी लिहिताना 'ऱ्या' उमटायचाच नाही. आचाऱ्यांना निरोप लिहायला जावं तर तो आचार्यांना जायचा. लग्नघरात याने काय गोंधळ होईल ते सांगायला नको. हे कधी सुधारलं, कोणत्या मॉडेलपासून, मला सांगता येणार नाही, कारण ते मॉडेलबरोबर आलंच नाही. अक्षरांचे साचे आणि कळफलक मागून दुरुस्त होत गेले. 2017 मध्ये गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय केली. आता आई फोन तोंडाजवळ धरून बहिणीला पाककृती सांगते आणि ती अक्षरांत उतरते. भाजीवाल्याच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआरचा कागदही तसाच. तो जपानात 1994 मध्ये शोधला गेला, 2016 च्या यूपीआयने त्याला नवा अर्थ दिला. सहा वर्षांच्या फोनवरून आई कोथिंबिरीचे पैसे देते.

तपकीर गल्लीतल्या मुलाने जुनी बॅटरी माझ्या हातावर ठेवली. मधोमध किंचित फुगलेली, बोटाला लागेल इतकीच. नवी बसवून, बारीक पट्ट्यांची टोकं दाबून झाल्यावर मागची काच लावण्याआधी त्याने खिशातून मार्कर काढला आणि बॅटरीच्या काळ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत तारीख लिहिली. "हे कशाला?" मी विचारलं. "पुढच्या वेळी याल तेव्हा कळेल ना किती चालली," तो म्हणाला आणि गोंदाची नळी उघडू लागला.